‘येत नाही’ म्हणण्याची मुभा

माध्यमिक शाळेचा दर्जा पाहायला आलेल्या माणसाला सहसा तेच दिसते जे शाळेने दाखवायचे ठरवलेले असते: निकालाचा फलक, करंडकांचे कपाट, प्रयोगशाळेतील स्वच्छ काचेची भांडी, आवाज न करता चाललेली रांग. या गोष्टी खोट्या असतात असे नाही, परंतु त्यांवरून शाळेत दिवसभर काय चालते याचा फारसा अंदाज येत नाही. बरीच वर्षे गणित शिकवल्यानंतर आणि पुढे इतर शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास पाहण्याचे काम केल्यानंतर माझी स्वतःची कसोटी फार लहान झाली आहे. ज्या मुलाला उत्तर येत नाही त्याचे त्या शाळेत पुढे काय होते, एवढेच मी पाहते. ज्याला येते त्याची कदर कोणतीही शाळा करते, निदान त्याचे नाव तरी लक्षात ठेवते. शाळांमधला खरा फरक दुसऱ्या मुलापाशी उघड होतो.

शाळेने मुळात काही फरक पडतो का, हा प्रश्नही एके काळी गंभीरपणे विचारला गेला आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष शिक्षकांना नाउमेद करणारा निघाला. मुलांच्या यशातील तफावतीशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा संबंध कितीतरी अधिक होता. या निष्कर्षाची दुसरी बाजू दाखवणारे एक काम १९७९ मध्ये लंडनमधून आले. मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहराच्या अंतर्भागातील १२ माध्यमिक शाळांचा काही वर्षे अभ्यास केला. मुले दाखल होतानाची त्यांची स्थिती हिशेबात धरल्यावरही शाळाशाळांमध्ये ठळक फरक उरला, आणि इमारत जुनी की नवी, जागा अपुरी की ऐसपैस, यांच्याशी त्या फरकाचा मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो रोजच्या साध्या व्यवहारांशी: तास वेळेवर सुरू होतो का, गृहपाठ दिला जातो आणि पाहिलाही जातो का, कौतुक किती वेळा होते, मुलांनी केलेले काम भिंतींवर लागते का, जबाबदारीची कामे किती जणांच्या वाट्याला येतात. भिंतीचा उल्लेख मला विशेष आवडतो, कारण तास पाहायला गेले की मीही आधी भिंतीच पाहते. तिथे सगळ्या सुवाच्य अक्षरांचेच कागद असतील, तर त्या वर्गाविषयी अर्धी माहिती शिक्षकांनी तोंड उघडण्याआधीच मिळालेली असते.

न येण्याची गोष्ट माध्यमिक वयातच इतकी अवघड का होते, याचे उत्तर मुलांच्या वयात आहे तितकेच शाळेच्या रचनेतही आहे. प्राथमिक वर्गात एकच शिक्षक दिवसभर मुलांसोबत असतो. एखाद्याला भागाकार जमत नसला तरी तो चित्र उत्तम काढतो हे त्याच शिक्षकाला ठाऊक असते. माध्यमिक शाळेत आल्यावर प्रत्येक तासाला नवा शिक्षक येतो आणि त्याला त्या मुलाचा एकच तुकडा दिसतो. गणिताच्या शिक्षकाच्या लेखी ते मूल म्हणजे त्याचे गणित असते. त्याच सुमारास समवयस्कांच्या नजरेला असे वजन येते, जे त्याआधी कधी नव्हते आणि बहुधा पुढेही कधी नसते. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी ‘पिसा’ या नावाने २००० सालापासून होत आली आहे, तिच्या २०१८ च्या फेरीत अपयशाच्या भीतीविषयी काही विधाने मुलांपुढे ठेवली होती. आपण अपयशी ठरत असताना इतरांना आपल्याबद्दल काय वाटेल याची काळजी वाटते, या विधानाशी सहभागी विकसित देशांच्या सरासरीने ५६ टक्के मुलांनी सहमती दर्शवली. निम्म्याहून अधिक मुले चुकण्याआधीच प्रेक्षकांचा विचार करत असतील, तर वर्गात हात वर होणे का कमी होत जाते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात प्रश्न पूर्ण होण्याआधीच हातांचे रान माजते. नववीत तोच प्रश्न विचारला तर ज्यांना उत्तर येते तेही आधी आजूबाजूला पाहतात.

या भीतीचा निकाल वर्गात काही सेकंदांत लागतो. १९७० च्या दशकात मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या अनेक तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो, बदलला जातो, किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा थांबा तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर उत्तरे लांब झाली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि ज्यांना मंद समजले जात होते अशी मुले बोलू लागली. या कामातील आणखी एक निरीक्षण मला अधिक बोचते. शिक्षकांनी ज्यांना वर्गातील अव्वल मुले मानले होते त्यांना जवळजवळ दोन सेकंद मिळत होते आणि जी तळाची मानली होती त्यांना एक सेकंदही पुरता मिळत नव्हता. ज्याला विचार करायला अधिक वेळ लागतो त्यालाच तो कमी दिला जात होता, आणि हे करणारे शिक्षक दुष्ट नव्हते. उलट कमकुवत मुलाची अधिक वेळ फजिती होऊ नये, या सद्भावनेनेच बरेचदा प्रश्न त्याच्याकडून काढून घेतला जातो. त्या मुलाला मात्र त्यातून एकच गोष्ट कळते: माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी चाळीस मुलांसमोर उभे राहून ते थांबून पाहावेत. पहिला सेकंद सहज जातो, दुसऱ्या सेकंदाला एखादी खुर्ची सरकते, आणि तिसऱ्याला सगळी शांतता शिक्षकाच्या अंगावर येते. आपला तास रेंगाळत असल्याचा भास होतो, दाराबाहेरून कोणी जात असेल तर अधिकच. ती शांतता न घाबरता सोसणारा शिक्षक मला बऱ्याच सुंदर फलकलेखन करणाऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

थांबल्यानंतर जे उत्तर येते ते पुष्कळदा चुकीचे असते, आणि शिकवण्याचे मुख्य काम तिथे सुरू होते. बीजगणितातील एक चूक जगभरातील वर्गांत सारख्याच निष्ठेने केली जाते: दोन पदांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्या पदांच्या वर्गांची बेरीज, असे मुले लिहून मोकळी होतात. ही चूक आळसातून येत नाही. बेरजेची दुप्पट करताना प्रत्येक पदाची दुप्पट केली तर चालते, आणि हा अनुभव मुलांच्या हाताला वर्षानुवर्षे मिळालेला असतो. तोच नियम ती वर्गालाही लावून पाहतात. म्हणजे त्या चुकीमागे एक तर्क आहे, फक्त तो जिथे चालत नाही तिथे नेलेला आहे. एका तासाला एका मुलीने हेच उत्तर दिले. फळ्यापाशी उभ्या शिक्षिकेने ‘चूक’ असे न म्हणता तिला तीन आणि चार घेऊन पडताळा करायला सांगितले. सातचा वर्ग ४९ आला, आणि नऊ व सोळा यांची बेरीज २५ आली. मग शिक्षिकेने संपूर्ण वर्गाला विचारले, उरलेले २४ कुठे गेले? चौरस काढला गेला, त्याची प्रत्येक बाजू तीन आणि चार अशी विभागली गेली, आणि तीन गुणिले चारचे दोन आयत कोपऱ्यांत सापडले. प्रत्येकी बारा, म्हणून चोवीस. सूत्र पुस्तकात होतेच, पण त्या दिवशी ते त्या मुलीच्या चुकीतून निघाले आणि चुकीचे उत्तर देणारी मुलगी त्या तासापुरती वर्गाच्या शोधाची निमित्त ठरली. तीच चूक दुसऱ्या एका वर्गात ‘हे तर मागच्याच वर्षी झाले आहे’ या वाक्याने निकालात काढलेली मी पाहिली आहे. तेथील मुलांनी योग्य सूत्र वहीत उतरवून घेतले, आणि पुढच्या पानावरच्या उदाहरणात पुन्हा तीच चूक केली.

वहीचे तेच. लाल शाईने घातलेला गुण हे मुलाला मिळणारे सर्वांत छोटे पत्र असते, आणि त्यात मजकूर नसतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना त्यांच्या कामावर फक्त शेरे मिळाले, काहींना फक्त गुण, तर काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी आणि रस, दोन्ही वाढले. शेऱ्यासोबत गुणही ज्यांना मिळाले त्यांना मात्र शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही, ती फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. याचे कारण कोणत्याही वर्गात वह्या वाटताना उभे राहिले की दिसते. मुले गुण पाहतात, शेजाऱ्याचे गुण पाहतात आणि वही मिटतात. शेरा वाचायला त्यानंतर कोणी थांबत नाही. ‘नीट अभ्यास कर’ हा शेरा तर न वाचलेलाच बरा. दुसऱ्या ओळीत चिन्ह बदलायचे राहिले, तेवढे दुरुस्त करून पुन्हा दाखव, असे लिहिले तर मुलाला निदान पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते कळते.

लेखी परीक्षेचा इतिहास पाहिला तर गुणांची ही सत्ता अगदी सुरुवातीपासूनची आहे असे दिसते. १८४५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात पाहुण्यांसमोर होणाऱ्या तोंडी तपासणीऐवजी सर्व शाळांच्या निवडक मुलांना एकच छापील प्रश्नपत्रिका दिली गेली. शिक्षणसुधारक होरेस मान यांचा या बदलाला भक्कम पाठिंबा होता, आणि त्यात न्यायाची बाजू होतीच: सगळ्यांना सारखे प्रश्न, आणि पाहुण्यांसमोर पाठ केलेले म्हणून दाखवण्याची सोय नाही. न येणाऱ्या मुलाची भर सभेतील फजितीही टळली असेल. पण त्या उत्तरपत्रिकांवरून लगेचच शाळांची एकमेकींशी तुलना झाली आणि मास्तरांवर टीकाही झाली. एका मुलाला काय येत नाही हे जाणण्याचे साधन पहिल्याच वापरात शाळेची पत मोजण्याचे साधन झाले, आणि तेव्हापासून ही दोन कामे एकमेकांत इतकी गुंतली आहेत की न येणारे मूल शाळेला मदत करण्याजोगे वाटण्याआधी सरासरी खाली ओढणारे वाटू लागते. नववीतूनच मुलाला ‘दुसरी शाळा पाहा’ असे सुचवून शंभर टक्के निकाल राखणाऱ्या शाळेला मी चांगली शाळा म्हणू शकत नाही, तिच्या फलकावर कितीही नावे असोत.

शाळेच्या वेळापत्रकात नसलेले पण रोज शिकवले जाणारे जे काही असते त्याला फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये छुपा अभ्यासक्रम म्हटले. वाट पाहणे, गर्दीत राहणे, सतत मोजले जाणे आणि अधिकाराशी जुळवून घेणे हे सर्व मुले त्यातून शिकतात. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा धडा न येणे लपवण्याचा असतो आणि त्यात मुले विलक्षण प्रावीण्य मिळवतात. ‘समजले का?’ या प्रश्नाला मान कोणत्या क्षणी हलवायची, शिक्षकांची नजर फिरत येताना पेन्सिल कशी खाली पाडायची, गृहपाठ कोणाचा उतरवायचा आणि त्यात दोन चुका मुद्दाम कशा घालायच्या, हे सगळे मधल्या बाकांवर बसणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. शेवटच्या बाकावरचा खोडकर मुलगा निदान दिसतो तरी. मधल्या रांगेतील गप्प, नीटनेटके, वेळेवर वही देणारे मूल वर्षभर कोणाच्याही लक्षात न येता न शिकता राहू शकते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असते. शाळा ज्याला शांत वर्ग म्हणून मिरवते तो पुष्कळदा लपलेल्या मुलांचा वर्ग असतो.

वर्गाबाहेरचे जीवन यापासून वेगळे काढता येत नाही. वर्गात चुकीच्या उत्तरावर हसू फुटले आणि ते शिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर त्याच हसण्याला मधल्या सुट्टीत नाव आणि टोपणनाव मिळते. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सवंगड्यांकडून झालेला छळ असावा असे समोर आल्यावर पुढच्या वर्षी देशभर मोहीम सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी या मोहिमेसोबत बर्गेन येथील ४२ शाळांत केलेल्या कामात मुलांनी नोंदवलेल्या छळाचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. त्यांच्या कार्यक्रमात मोठा भाग साध्या उपायांचा होता: स्पष्ट नियम, सुट्टीत मोठ्या माणसांचे प्रत्यक्ष लक्ष, वर्गात नियमित चर्चा, आणि पाहत उभे राहणाऱ्या मुलांनाही जबाबदार धरणे. छळणारा एक असतो, पण त्याला धीर प्रेक्षक देतात. जो शिक्षक वर्गात पहिल्या हसण्याला थांबवतो तो सुट्टीतल्या बऱ्याच गोष्टी आधीच थांबवत असतो.

झोपेविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा येते, आणि आठ ते दहा तासांची गरज मात्र कायम राहते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्यात उच्च माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा २०२२ पासून लागू झाला. पहिल्या तासाला गप्प बसणाऱ्या मुलाला काही येत नसेल असे ठरवण्याआधी ते मूल किती झोपले आहे हे विचारणे शहाणपणाचे ठरेल.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. न येण्याला इतकी मुभा दिली तर मुले अभ्यास कशाला करतील, असे पालक विचारतात, आणि काही उत्तम शिक्षकही विचारतात. त्यांची भीती खरी आहे, कारण गोंजारण्याच्या नावाखाली अपेक्षाच सोडून देणाऱ्या शाळाही असतात. सोपा प्रश्न विचारून, अर्धवट उत्तराला शाबासकी देऊन, कठीण प्रकरण ‘यांना झेपणार नाही’ म्हणून गाळून टाकणे हे त्या मुलाला दुसऱ्या मार्गाने वगळणेच आहे. मी ज्या मुभेविषयी बोलते आहे ती कठोर आहे. ‘येत नाही’ म्हटल्यावर तिथे सुटका होत नाही, काम सुरू होते: कुठपर्यंत येते ते दाखव, तिथून पुढे आपण पाहू, आणि उद्या मी पुन्हा तुलाच विचारणार आहे. चाचण्याही यात भरपूर हव्यात. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर तो अधिक लक्षात राहतो, जरी लगेचच तपासले तर पुन्हा वाचणारेच पुढे दिसतात. आठवण्याची धडपड हीच शिकण्याची क्रिया असेल, तर गुण नसलेल्या, पाच मिनिटांच्या, मुलांनी स्वतःच तपासलेल्या चाचण्या दर आठवड्याला घ्याव्यात. त्यांत चुकणे स्वस्त असते, म्हणून मुले प्रामाणिकपणे चुकतात.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच लागू पडते, आणि इथे शाळेचे नेतृत्व कामाला येते. ज्या शाळेत शिक्षकाला ‘हे प्रकरण मला नीट शिकवता येत नाही’ असे सहकाऱ्यांपुढे म्हणता येत नाही, तिथे त्याच्या वर्गात मुलांना ते म्हणता येईल अशी आशा ठेवू नये. तास पाहायला येणारी व्यक्ती म्हणजे तपासणी, तपासणी म्हणजे शेरा, आणि शेरा म्हणजे पुढील वेतनवाढीवरचे संकट, अशी साखळी असेल तर पाहुण्यांसमोर आधी शिकवून ठेवलेलाच पाठ पुन्हा शिकवला जातो. तसे पाठ मी पुष्कळ पाहिले आहेत. ते लगेच ओळखता येतात, कारण त्यात एकही मूल चुकत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, थांबायला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची तक्रार मात्र सर्वांत खरी आहे. जॉन कॅरल यांनी १९६३ मध्ये मांडले होते की क्षमतेकडे शिकायला लागणारा वेळ म्हणून पाहावे. एखाद्याला त्रिकोणमिती दोन आठवड्यांत येते, एखाद्याला चार लागतात. शाळा सर्वांना तीन आठवडे देते आणि मग त्यांच्यात पडलेल्या अंतराला बुद्धिमत्ता म्हणते. या विचारावर बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये अशी पद्धत उभी केली की प्रत्येक घटकानंतर छोटी चाचणी घ्यावी, ज्यांना आले नाही त्यांना वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवावे आणि पुन्हा तपासावे. तिचे यश किती मोठे यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण ज्यांना आले नाही त्यांना वेळ कधी मिळणार, हा तिने विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे, म्हणून कोणत्याही शाळेला विचारता येतो. पालक माझ्याकडे शाळा निवडताना काय पाहावे असे विचारतात, तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न देते: घटक चाचणीत ज्यांना कमी गुण पडतात त्यांना तो घटक पुन्हा कोण शिकवते, कोणत्या वारी, कितव्या तासाला? काही मुख्याध्यापक वेळापत्रक काढून तो तास दाखवतात आणि त्या शिक्षकाचे नाव सांगतात. काही जण पालकांनी घरी लक्ष द्यायला हवे यावर दहा मिनिटे बोलतात.